ठसा

तो राजा झाला, हे गोवर्धनात
आठव्या दिवशी कळलं, मिठाच्या बैलांबरोबर.
वेण्हुकने विचारलं, नाव काय त्याचं?
बैलवाल्याला धड सांगता येईना.

मग हुकूम आला : जुनी नाणी पुन्हा ठोका.
चार पावसाळे मी ऐरणीवर बसून
एका राजाच्या नाकावर
दुसऱ्याचा डोंगर बसवला.
घाव जरा तिरका पडला
की खालचा कान तसाच राहायचा,
ऐकत.

खोटं कशाला बोलू, राजा चांगला आहे.
घाटातली लूट थांबली, जकात उतरली,
गोदेच्या उतारावर पहाऱ्याला माणूस असतो,
तो झोपतो, पण असतो.

आता त्रिरश्मीच्या कड्यावर कोरताहेत :
याच्या आधी कोणी नव्हतं.
कोरणारा सिवदत, माझा मेहुणा.
त्याला वाचता येत नाही,
गेरूच्या रेघेवरून छिन्नी फिरवतो.
काल विचारत होता,
‘नव्हतं’ कुठे संपतं?
तिथे दगडाला चीर आहे.

तिरक्या घावाचं एक नाणं
बायकोने चुलीमागे ठेवलंय.
बाजारात कोणी घेत नाही.
दिवा मालवल्यावर
आम्ही दोघं जरा हळूच बोलतो.