ठिपका

शर्टाच्या खिशात मावत नाही, पँटच्या मावतो.
चालू केला की कर्रर्र करत नाक बाहेर काढतो,
तेवढ्यात समोरचा माणूस पोट आत घेतो.

दिवसभर मी चेपलेले बंपर टिपतो,
विम्याच्या फायलींसाठी, चारी बाजूंनी.
संध्याकाळची उरलेली बॅटरी माझी.

मे महिन्यात वर्धा रोडवर
भिंगाच्या फटीतून धूळ आत गेली.
तेव्हापासून वरच्या उजव्या कोपऱ्यात
एक करडा ठिपका:
फुटाळ्याच्या आभाळात, अंबाझरीच्या,
इतवारीतल्या वायरींच्या गुंत्यावर.
छिद्र मोठं केलं की विरतो,
एफ आठला पुन्हा हजर.

बर्डीवरचा गजभिये म्हणाला,
"खोलायचे अडीच हजार.
काहून खर्च करता बावा, मोबाइल नाही का?"
मी तर्री-पोहे खाल्ले आणि घरी आलो.

अजनीला, भर उन्हात,
मृण्मयी पुण्याच्या गाडीत चढताना वळली.
ठिपका नेमका तिच्या गालावर.
बायको स्क्रीन डोळ्यांशी धरून
गाडी गेल्यावरही बघत राहिली.
"तीट आहे," म्हणाली. "पुसू नका."

रात्री कूलरच्या घरघरीत
एकेक आभाळ साफ करत बसलो.
बंपरच्या फोटोंना हात लावायचा नसतो,
नियम आहे.
ते जसेच्या तसे ठेवले,
आणि तो एक.