सतरावी विहीर

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून सही करून आणलेला
पेनाएवढा मीटर,
दोरी, रिकामी बाटली,
आणि सरांनी आखून दिलेला तक्ता:
विहीर क्रमांक, मालकाचे नाव, खोली, क्षारता, शेरा.
सामाजिक प्रकल्प. पन्नास गुण.

आम्ही तिघं. मी, अल्फिया मुकादम,
आणि होडीत बसताना रोज डोळे मिटणारा घाटावरचा ओजस.
तरीतून खाडी ओलांडायची,
ओहोटी असली की चपला हातात घेऊन
चिखलातून तारीवाडी गाठायची.

माघात सुरू केलं.
डोंगराच्या अंगाला आकडे शहाण्यासारखे वागले,
तीनशे, चारशे.
बांधाकडे सरकलो तसे
नऊशे, चौदाशे, एकवीसशे.
बांध कुठे फुटला नव्हता.
उघाडीची फळी तेवढी कुजली होती;
भरती दिवसातून दोनदा
न विचारता आत यायची
आणि परतताना शेतात काहीतरी विसरून जायची.

सतराव्या विहिरीवर फळ्या टाकलेल्या,
वर घमेलं उलटं.
रतन तारी कोयता हातात धरूनच बाहेर आल्या.
“कागदार खारां पाणी म्हणान लिवलास,
तर माझ्या झिलाक चेडू कोण देतलो?”

ओजस म्हणाला, माहिती गोपनीय राहील.
त्यांनी त्याच्याकडे पाहिलं
तसं बाजारात शिळ्या सुरमईकडे पाहतात,
आधी कल्ल्यात.
वीस उंबऱ्यांच्या वाडीत गोपनीय!
मग म्हणाल्या, चाय घेवा.

चहात गूळ जास्त होता.
दूध किंचित नासलेलं.
आम्ही पेले रिकामे केले,
कोणी काही बोललं नाही.
मीटर अल्फियाच्या ओढणीत गुंडाळलेलाच राहिला.
त्या रकान्यात मी आडवी रेघ मारली.
सरांनी लाल पेनाने विचारलं: का?
तीन गुण गेले.

ग्रामसभा फाल्गुनात, शाळेच्या पडवीत.
तक्ता मोठा करून भिंतीला चिकटवला,
वारा त्याचा एक कोपरा सारखा उचलून बघत होता.
सदस्य म्हणाले, मुलांनी छान काम केलंय,
नारळ द्या, फोटो घ्या,
विषय पुढच्या सभेत.
फोटोसाठी आम्ही उभेसुद्धा राहिलो.

तेव्हा मागून त्या आल्या.
कमरेवर कळशी,
मागे मुलगा, सहा पेले घेऊन, मान खाली.
टेबलावरचा हार बाजूला सारला,
पेले मांडले, भरले.
“ह्यां आधी पिया. मगे बोलया.”

सरपंचबाईंनी एक घोट घेतला.
तो गिळायला त्यांना जेवढा वेळ लागला
तेवढा इतिवृत्तात लिहिलेला नाही.

मग माझ्याकडे हात केला: दी तुझां यंत्र.
स्वतः बुडवलं.
चष्मा घरी राहिलेला,
म्हणून आकडा मुलाने वाचला,
मोठ्याने, सगळ्या वाडीसमोर:
दोन हजार सहाशे चाळीस.
मी तो रेघेवरच लिहिला.

चैत्रात, भांगाच्या दिवसांत,
उघाडीला फणसाची नवी फळी बसली.
मांडीभर चिखलात पाट्या उचलताना
ओजस तोंडावर पडला, वाडी पोट धरून हसली,
आणि त्या दिवसापासून
त्याच्या ताटात एक तुकडी जास्त पडू लागली.

अहवालात शेवटचा रकाना: लाभार्थी संख्या.
मी एकशे बारा लिहिलं, मतदारयादी पाहून.
ते बरोबर नाही, मला माहीत आहे.

पाणी लगेच गोडं होत नाही.
तीन पावसाळे तरी, सर म्हणाले होते.
मी आता रत्नागिरीला, नोकरीत.
दर माघात कुणीतरी नवं पोर
सतराव्या विहिरीचा आकडा पाठवतं,
फक्त आकडा.
बावीसशे. सोळाशे ऐंशी.
यंदा अकराशे दहा,
आणि खाली एक ओळ:
चहात गूळ अजूनही जास्तच आहे,
सुनेने केला होता.