घर्षण नगण्य मानावे

सहामाहीचा पेपर मीच काढला होता.
प्रश्न चौथा, गुण तीन:
दोनशे किलोग्रॅमची स्थिर होडी,
तिच्यातून पन्नास किलोग्रॅमचा प्रवासी
सेकंदाला दोन मीटर वेगाने काठावर उडी मारतो,
तर होडी किती वेगाने मागे जाईल?
घर्षण नगण्य मानावे.

दुर्वा बाबल तारी, नववी ब, हिने लिहिलं:
होडी मागे जाणार नाही.
दोरी बाबांनी धरलेली असते.

सूत्र नाही, एकक नाही.
मी शून्य दिलं आणि त्या शून्याभोवती
लाल शाईने अजून एक गोल काढला.
राग नव्हता, सवय.

मी जतची. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं.
होडी पहिल्यांदा पाहिली ती गणितात,
फळ्यावर, एका आडव्या रेघेवर ठेवलेली.
नोकरी लागली देवबागला, खोली मिळाली कोरजाईत,
मधे कर्लीची खाडी.
सहा वर्षं, रोज दोन खेपा,
बाबल तारीच्या होडीतून,
पोहता न येणारी मी
मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून.

बाबल काठाच्या कितीतरी आधी इंजिन बंद करतो.
होडी तरी येतच राहते,
बोलणं संपल्यावरही मान हलत राहावी तशी.
एकदा म्हटलं त्याला, याला जडत्व म्हणतात.
"म्हणत असतले," तो म्हणाला.
"डिझेल केवढ्याक झाला, बाईनू?"

मग एका संध्याकाळी, ओहोटीच्या वेळी,
बाबल तापाने घरी.
होडीवर त्याचा पुतण्या, कानात इअरफोन.
कोरजाईची पायरी आली, मी नेहमीसारखी उडी टाकली
आणि उत्तर आलं.
सेकंदाला अर्धा मीटर, उलट दिशेने.
एक पाय पायरीवर,
एक पाय उत्तरात.

कमरेएवढंच पाणी होतं.
नववी अ चा गठ्ठा भिजला,
सगळ्यांचे गुण एकमेकांत उतरले.
शेवाळाला धरून वर येताना
एवढंच डोक्यात: होडी मागे जाते!
सहा वर्षं शिकवते आहे, होडी मागे जाते,
आणि सहा वर्षं उतरते आहे
जिच्यातून, ती जागची हलत नाही,
आणि मी कधी विचारलं नाही,
ते बाह्य बल कुठलं.

बाबल बरा होऊन आला तेव्हा पाहिलं.
पायरीच्या खाचेत उजवी टाच,
बोटं फाकलेली, दोरी मनगटाला दोन वेढे,
तोंड भलतीकडे, कुणाशी तरी माशांच्या भावाबद्दल बोलत.
मी उतरले. वेढे करकचले, सुटले.
तो पायरीला जेवढ्या बलाने रेटतो
तेवढ्याच बलाने पायरी त्याला रेटते,
समान आणि विरुद्ध. हे मी फळ्यावर लिहिते.
पण भेगा त्याच्या टाचेला आहेत,
पायरीला नाहीत.
याला कुठल्या पाठात घ्यायचं, मला माहीत नाही.

दुर्वाला म्हटलं, पेपर आण, गुण बघू.
ती म्हणाली, "असांदे, बाईनू.
अर्धो मीटर येता, ता माका म्हायत होता.
पण बाबा तसा होवक देणा नाय."

यंदा पुन्हा तोच प्रश्न घातला.
घर्षण नगण्य मानावे, इथे पेन थांबलं.
मग लिहिलंच, नाहीतर गणित सुटत नाही.
आणि त्याखाली
एक ओळ वाढवली:
दोरी कोणीही धरलेली नाही, असे समजावे.