टाचेला लागलेलं नख

धान कापून झालेल्या बांधीत
पोट्ट्यांनी धसकटं उपटली,
पाण्यानं भरलेला ड्रम लोटत माती दाबली
आणि चुन्यानं मैदान आखलं.
मंडईची रात्र.
पलीकडे नाटकवाल्यांची पेटी सूर शोधत होती,
अलीकडे हॅलोजनभोवती चिलटं.
बक्षीस सात हजार एक, आणि ढाल.

मैदानात उतरताना मी वाकते,
बोट मातीला लावते, मग कपाळाला.
मॅडमनी एकदा विचारलं होतं,
"सुकेशनी, हा नमस्कार कोणाला गं?
आपल्यात तर…"
मला सांगता आलं नाही.
तिथं देव नाही, एवढं ठाऊक आहे.
पण जी जमीन रोज आपटते
आणि रोज उठू देते,
तिच्यापुढं ताठ कशी उभी राहू?

दम मात्र मी विहारातून आणला.
लहानपणी आम्ही पोरी पैज लावायचो,
पाची शीलं एका श्वासात.
रामटेके गुरुजी डोळे न उघडता म्हणायचे,
"शर्यत आहे का? सावकाश.
पळणाऱ्याच्या हातून अर्थ सांडते."

सत्तावीस-सत्तावीस. शेवटची चढाई.
आसगावची ती उंच पोरगी आत आली,
मी उजव्या कोपऱ्यात.
ती वाकली, वळली, हात मागं फेकला,
आणि नख लागलं
माझ्या टाचेला.

रोवणीच्या चिखलात दरसाल भिजून
भेगाळलेली ही टाच.
काटा रुतला तर दुसऱ्या दिवशी कळतं तिला.
त्या रात्री मात्र कळलं. लगेच.

ती पोरगी परत गेली, तोंड पाडून.
तिलाही कळलं नव्हतं.
पंचाचा हात खालीच.
आमच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झालेल्या.

तेवढ्यात मुसावादा आलं,
बाकीच्या चौघांना मागं ठेवून,
एकटं, सावकाश.
खरं सांगते,
शील आठवलं म्हणून हात वर गेला
की हात वर गेल्यावर शील आठवलं,
अजूनही नक्की सांगता येत नाही.
एवढंच, की खांदा माझाच होता
आणि तो दुखत होता.

अठ्ठावीस-सत्तावीस.
प्रांजू, आमची कॅप्टन, म्हणाली,
"लय मोठी झाली का तू?"
नंतर टेम्पोत कोणीच बोललं नाही.
फक्त मागून एक आवाज,
"हरिश्चंद्राची पोरगी बसली आहे, सांभाळून."

आणि मी?
मला मी फार आवडत होते तेव्हा.
खड्ड्याखड्ड्याला मनात बातमी छापत होते,
फोटोसकट.
खरं बोलल्याचीही एक ढाल असते.
ती मांडीवर घेऊन
मी गावापर्यंत आले.

आई शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडत होती.
सगळं ऐकून म्हणाली, "मंग? लागलं होतं ना?"
"हो."
"मंग सांगाच लागते.
त्यात येवढं सांगण्यासारखं का आहे?"
आणि एक खडा उचलून
दाराबाहेर टाकला.

त्या खड्यासोबत ढालही गेली.
जेवायला बसले तेव्हा
हात रिकामे होते, भूक लागली होती,
आणि मी होते तेवढीच होते,
कमी नाही.

सकाळी मैदानावर प्रांजूनं
न बोलता चुन्याचं पोतं माझ्याकडं सरकवलं.
रेष आखली. वाकडी आली.
तिनं पायानं पुसली.
"परत."
परत आखली.
खेळ सुरू व्हायच्या आधी वाकले,
बोट मातीला लावलं.
कपाळापर्यंत नेण्याआधी टाचेकडं गेलं.
भेगेत चुना शिरला होता.
झोंबत होता.