तर्री

रक्त लगेच काही सांगत नाही.
नळी उभी करायची, वाट पाहायची.
लाल ते खाली बसतं,
वर येतं पिवळसर, स्वच्छ,
ताकाच्या निवळीसारखं.

केवळराम लांजेवारांचं निवळलं नाही.
वर दूध आलं.

अठरा वर्षं झाली भिवापूरच्या या ग्रामीण रुग्णालयात.
मिरच्यांचा ठसका खिडकीतून आत येतो
आणि सुई टोचता टोचता मी शिंक दाबते.
दारातून कोण कसा आत येतो, किती दमतो,
खुर्ची कशी करकरते,
यावरून मनातल्या मनात आकडा लावायची खोड लागली आहे.
हा माणूस तर तुराटी.
पट्टा शेवटच्या भोकात, तरी पँट घसरून राहिली.

"गंज उतरवताना छातीत दाटते जरासं," म्हणाले.
"लग्नाचा आचारी हावो ना. चाळीस वर्सं झाले.
तसा मी काही लठ्ठ नाही."

उपाशी आलात का?
"आचारी उपाशीच असते, बाई.
हजार पान उठलं का भूक मरते.
मंग रातच्या दोन वाजता
थंडा रस्सा, उरली बुंदी,
भांडेवाल्या पोरायसंगं उभ्या उभ्या."

परत बोलावलं. बारा तास निव्वळ पाण्यावर.
तरी दूध.
नळी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली,
सकाळी वर नखभर साय.

कागद त्यांनी दुमडून खिशात घातला,
ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉल, सगळं घडीत.
नळीच मागितली.
उजेडाकडे धरली, किंचित तिरपी केली,
पंगत बसायच्या आधी पळीत रस्सा घेऊन
बघतात तशी.
बराच वेळ.

"तर्री चांगली आली," म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत.

"शंभर पानाले पहिले चार लिटर तेल लागे.
जवसाचं, घाणीवरून बरणीत आणलेलं,
घशाले जरासं कडू.
आता आठ लागते, पत्र्याच्या डब्यातलं.
पाव्हणा रश्श्यात बोट बुडवून पाह्यते,
लाल चढते का नाही.
नाही चढलं का वरबाप पैसे कापते."
मग स्टँडमधल्या बाकी नळ्यांकडे पाहत,
त्या कोणाच्या हे न विचारता,
"यातल्या कितीकजन माह्या हातचं जेवले असन?"

मी लेबलं सरळ करत बसले.

डॉक्टरांनी गोळी दिली, झोपताना एक.
तेल कमी, भाकर चालते, बुंदी बंद,
रोज अर्धा तास चाला.
"चुलीभवती चालूनच तं राह्यलो," म्हणाले,
आणि नागपूरला हृदय दाखवायची चिठ्ठी
टोपीच्या घडीत ठेवली.

चैत्रात भाचीचं साक्षगंध.
मांडवामागे आचारी तेच.
पाटवडी पिवळीधम्मक, रस्सा उकळत होता,
आणि हे पळीच्या पाठीनं वरचं लाल बाजूला सारून
खालचं वाढत होते.
"केवळराम, हात आखडला का गा?"
कोणीतरी मोठ्यानं म्हणालं.
त्यांनी ऐकलं नाही,
किंवा पळी जास्तच खोल घातली.

माझी पाळी आली.
नव्या साडीचा ब्लाऊज दोनदा उसवून आणलेला,
सकाळपासून पोटात काही नाही,
आणि तो वास.
ताट पुढे केलं. तोंडातून निघून गेलं,
वरचं द्या ना थोडं.

पळी हवेत थांबली.
एक लाल थेंब तिच्या काठाशी जमत गेला.
"बाई," फक्त मला ऐकू येईल असं,
"तुमची नळी कधी उभी केली?"

मागे रांगेत कोणीतरी
ताट वाजवलं.