अकरा पूर्णांक आठ

सकाळी सातला खानापुरात धुकं एवढं
की समोरच्या गुंडूमामाची कौलं दिसत नव्हती,
नुसती ठिबकताना ऐकू येत होती.
किल्ली फिरवली.
कट्. कट्कट्कट्.
मग डॅशबोर्डावरचे दिवे हळूहळू मंद झाले,
गृहपाठ मागितल्यावर पोरं मान घालतात तसे.

तिसरा दिवस हा.
सोमवारी ढकलली, नववीची दोघं आणि दूधवाला मिळून.
मंगळवारी गुंडूमामाच्या जीपला वायर जोडून उठवली.
आज म्हटलं, ढकलणं म्हणजे उत्तर नव्हे.
हे वर्गात मीच सांगते.

प्रयोगशाळेचा मल्टिमीटर पिशवीत होताच.
बॉनेटला काठी लावली.
धनाग्रावर हिरवट-पांढरी साय,
विसरलेल्या लोणच्याच्या झाकणावर धरते तशी.
लाल टोक इथं, काळं तिथं:
अकरा पूर्णांक आठ.
निरोगी असती तर बारा पूर्णांक सहा.
आठ दशांशांवर माझी पहिली तासिका अडलेली.

"किल्ली मारा हो आबा."
काटा नाही, नुसते आकडे, पण घसरलेच:
नऊ. आठ. साडेसात.
आतून आबा म्हणाले, "आल्टरनेटर बघ आधी."
एकतीस वर्षं डेपोत बसगाड्यांच्या पोटाखाली निजलेला माणूस,
आता आपण चहा घेतला का, ते मला विचारतो.
खरं आल्टरनेटर विसरलेला नाही.
"काल बघितला की. चालू गाडीला चौदा पूर्णांक एक."
"मग त्याला कशाला नाव ठेवतीस?"
जणू मीच ठेवलं होतं.

बॅटरी पाच वर्षांची, मान्य.
पण एका रात्रीत एवढी?
ऋणाची तार काढून मीटर मधे धरला,
कुठं गुपचूप गळती आहे का बघायला.
नाही. गाडी चोर नव्हती.
मग पाना घ्यायला दार उघडलं तर
सीट मागं सरकवलेली,
खाली पेपरमिंटचे चार कागद,
आणि छताचा दिवा चालूवर.
मी कागद खिशात घातले.

दहाचा पाना. सोडताना ऋण आधी,
धन नंतर, नाहीतर पाना कुठं टेकला की ठिणगी.
चौदा किलोचा जीव, भरल्या घागरीसारखा
उभाच न्यायचा, कलंडू द्यायचा नाही.
शिवलिंगय्यानं तारीख वाचली आणि हात झटकले,
"ऐद वर्ष आतरी टीचर. साकु."
पाच झाली. पुरे.
वजनावर जुनी घेतली, वर दोनशे सोडले,
त्याच्या मुलीला गणितात पस्तीस पडलेत म्हणून नव्हे, म्हणाला.

उकळत्या पाण्यात खायचा सोडा.
तारांच्या कड्यांवर ओतला तर फसफसून
ती साय वाहून गेली, आणि खाली शिसं
दात घासल्यासारखं.
बसवताना उलटं: धन आधी, ऋण शेवटी.
वर व्हॅसलीनचं बोट.
घरच्या हिशेबांनाही असा क्रम असता
तर धाकट्या भावाशी बोलणं राहिलं नसतं,
असं मनात आलं. तेवढ्यात आबांनी किल्ली मारली.

एका हाकेत उठली.
घड्याळ एकवर जाऊन बसलं.
रेडिओ खरखरला, आणि आबा घाबरून,
"वैजू, माझी स्टेशनं गेली की गं!"

मग दोघंही गप्प.
वायपर उगाच एकदा फिरला.

"एकावर धारवाड होतं," आबा बटणाकडं बघत म्हणाले,
"दोनवर सांगली.
तीनवर काय नव्हतं. तीनवर नुसतं वाजायचं.
रात्री तेच बरं वाटतंय."

घरात झोप लागत नाही का, विचारलं नाही.
किल्लीचा खिळा कुठं आहे ते त्यांना आठवतं,
आज एवढं पुरे.
शाळेची प्रार्थना निघून गेली असणार.
काळ्या रेघा मुरलेली त्यांची बोटं
एकेक केस सरकवावा तशी खुंटी फिरवत होती,
कन्नड बातम्या आल्या, गेल्या, पुन्हा आल्या.

मी हात वर करून छताचा दिवा बंद केला.
"रेडिओ लावा," म्हटलं, "खरं हा नको.
अंधारात ऐकू येतंय की."