बकाराम कोतवालाची शिकवणी

ग्रामसभेत कोणी तरी बोलायचं, हे बचत गटानं ठरवलं
आणि मलाच उभं केलं, कारण मी सातवी शिकलेली.
गावतलाव पाच वर्षं आम्हाला द्या,
शिंगाड्याची वेल आम्ही लावू, ठेका आम्ही भरू.
एवढंच म्हणायचं.
चुलीपुढं म्हटलं तर सारं नीट निघे,
दारात म्हटलं तर अर्धं.
समाजमंदिराच्या रिकाम्या फरशीवर उभी राहिली
तर नुसता श्वास.

म्हणून गेली बकाराम मेश्रामाकडे.
एकतीस वर्षं त्यांनी दवंडी दिली:
लसीकरण, घरपट्टीची शेवटची तारीख,
हरवलेली म्हैस, शिवारात आलेला बिबट्या, मतदान.
आता डफडं खुंटीला. पंचायतीवर भोंगा बसला,
आणि भोंगा बोलला की लोक टीव्हीचा आवाज वाढवतात.

"कागद घरी ठेवजो," ते म्हणाले.
"हात हालला का कागद फडफडते,
मंग लोकं कागदच पायतेत."

संध्याकाळी तलावाच्या पाळीवर शिकवणी.
ते पार तिकडे, तुडुमाजवळ. मी इकडे, मोहाखाली.
ऐकू आलं तर हात वर करणार.
मी शब्द फेकत होती, ते मधेच पाण्यात पडत होते.
एक पाणकोंबडी तेवढी दचकली.

"वरडू नोको," चालत येऊन म्हणाले. "वरडनं म्हंजे भांडन.
रोवन्यात गानं म्हनता तवा दम कोठून घेता? थितूनच घे.
कुत्रं भुकलं तर थांबजो, तेचं होऊ देजो,
कुत्र्यासंग पैज लावून कोनी जिकलं नाई.
आन 'काई चुकलं तर माफ करा' म्हनून सुरू करू नोको.
तुनं आजून केलं का?"

मी विचारलं, "पाहायचं कोणाकडे?"
"सरपंचाकडं नाई. मांगं, खांबाजवळ
झिंगर बुढा बसते, तेले अर्धंच आयकू येते.
तेले समजलं, का गावाले समजलं."

आठव्या दिवशी त्यांचा हात वर गेला.
अंधारात नीट दिसला नाही. बहुतेक गेला.

सभेच्या दिवशी पहिलं वाक्यच हरवलं.
शंभर डोळे, वरती पंखा, सचिवाच्या पेनाचं टिकटिक.
मला त्यांचं डफडं आठवलं: एक थाप,
मग मोजून तीन श्वास काही नाही,
तेवढ्यात घराघरातून माणसं दारात यायची.
मी काही बोललीच नाही. मोजलं.
पेन थांबलं.
सरपंचानं मोबाईल उलटा ठेवला.
झिंगर बुढ्यानं कानामागं हात नेला,
आणि मी त्याच्याशी बोलली, फक्त त्याच्याशी.

पाचाऐवजी सात वर्षं म्हटलं चुकून.
परत फिरली नाही. सात तर सात.

सचिवानं लिहिलं, 'चर्चा झाली.'
सरपंच म्हणाले, "पाहू. आणखी कोणाला बोलायचं आहे?"
कोणी हललं नाही.
दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, बकाराम बसले होते,
एकतीस वर्षं त्याच जागी.
माझ्या तोंडून निघून गेलं,
"मामाजी, तुमचं का म्हननं हाये?"

ते उभे राहिले. कुडत्याची गुंडी लावली.
तोंड उघडलं, आणि सवयीनं निघालं,
"आयका हो आयका..."
सगळी सभा हसली. तेही हसले थोडे.
मग पुढं काही येईना.
तहसीलचा हुकूम नव्हता, पाटलाचा निरोप नव्हता,
हरवलेली म्हैस नव्हती कोणाची.
ओठ हलले, तिथंच राहिले.
कोणी तरी म्हणालं, "बसा आता, बाप्पा."

बाहेर कुत्रं भुकलं.
आम्ही त्याचं होऊ दिलं.
मग मी पार मागं, त्यांच्याकडे पाहत
मनात मोजायला लागली.
एक.
दोन.